११ जीबीचं नाटक, अर्धा रिकामा पेनड्राइव्ह आणि तीन फाइल सिस्टीम

प्रश्न थोडक्यात असा. मालवणकडच्या एका तरुण स्टुडिओवाल्यांकडे जत्रेतल्या दशावतारी नाटकाचं रात्रभरचं रेकॉर्डिंग आहे. एकच फाइल, ११ जीबीची. ३२ जीबीच्या पेनड्राइव्हवर निम्म्याहून जास्त जागा मोकळी, तरी विंडोज म्हणतं फाइल फार मोठी आहे. त्यांनी नवा मॅक घेतला. त्यावर जुनी २ टीबीची हार्डडिस्क उघडते, फोटो दिसतात, पण तिच्यात एक फोटोसुद्धा टाकता येत नाही. उलट मॅकवर फॉरमॅट मारलेली दुसरी डिस्क दुकानातल्या विंडोजला लावली, तर फॉरमॅट करू का म्हणून विचारणा. त्यांचं म्हणणं, प्रत्येकाने आपापली फाइल सिस्टीम, म्हणजे डिस्कवर फाइली मांडायची पद्धत, वेगळी का ठेवली, ती मध्येच का बदलतात, आणि सगळीकडे चालेल अशी एक कुठली ते सांगा.

शेवटच्याचं उत्तर आधी देऊन टाकतो. जवळजवळ सगळीकडे चालेल अशी एक आहे, एक्सफॅट. पण ते नाटक कायमचं जपून ठेवायला मी एक्सफॅट वापरणार नाही. का, ते समजायला थोडा जुना हिशेब काढावा लागेल.

तुमच्या पेनड्राइव्हवर बहुतेक फॅट३२ आहे. या घराण्याचा मूळपुरुष १९७७ सालचा. मायक्रोसॉफ्टमध्ये मार्क मॅकडोनाल्ड यांनी तो बेसिक भाषेच्या डिस्क आवृत्तीसाठी लिहिला. टिम पॅटरसन यांनी ती कल्पना आपल्या ८६-डॉस या ऑपरेटिंग सिस्टीममध्ये घेतली, आणि १९८१ मध्ये आयबीएमच्या पीसीबरोबर ती पीसी-डॉस म्हणून जगभर गेली. तेव्हाच्या फ्लॉपीत १६० केबी मावायचे. फोल्डर हा प्रकारच नव्हता, तो १९८३ च्या डॉस २.० मध्ये १० एमबीच्या हार्डडिस्कसोबत आला.

फॅटची रचना अगदी साधी. डिस्कचे सारखे तुकडे पाडायचे, त्यांना क्लस्टर म्हणतात. सुरुवातीला एक तक्ता ठेवायचा. त्यात प्रत्येक तुकड्यासमोर लिहिलेलं असतं की या फाइलचा पुढचा तुकडा कुठल्या नंबरवर आहे. फोल्डरमध्ये फक्त फाइलचं नाव, आकार, तारीख आणि पहिल्या तुकड्याचा नंबर. बाकी साखळी धरत जायचं. मेमरी मुंगीएवढी असताना यापेक्षा चांगलं काही करणं अवघडच होतं, आणि आजही कॅमेऱ्यातली चिप किंवा टीव्हीसुद्धा ते सहज वाचतो ते या साधेपणामुळेच.

अडचण आली ती नंबरांची. पहिल्या फॅटमध्ये तुकड्याचा नंबर लिहायला १२ बिट होते, म्हणजे जेमतेम ४ हजार तुकडे. १९८४ मध्ये पीसी एटीबरोबर २० एमबीची डिस्क आली तेव्हा १६ बिट करावे लागले. पण तेव्हा डिस्कचे एकूण सेक्टर, म्हणजे सगळ्यांत बारके कप्पे, मोजायची जागाही १६ बिटांचीच होती, म्हणून ३२ एमबीची भिंत उभी राहिली. १९८७-८८ च्या सुमारास ती पाडली, तर पुढे २ जीबीची भिंत. त्या भिंतीजवळ पोचलं की एकेक तुकडा ३२ केबीचा व्हायचा. एका ओळीचं पत्र साठवलं तरी ३२ केबी गेले. पत्रिका आणि हँडबिलं करणाऱ्या डीटीपीवाल्यांकडे हजारो बारक्या फाइली असायच्या. त्यांच्या डिस्कचा मोठा हिस्सा नुसत्या पोकळीने भरलेला असे.

१९९६ मध्ये विंडोज ९५ च्या दुसऱ्या सुधारित आवृत्तीबरोबर फॅट३२ आलं आणि तुकड्यांची चणचण मिटली. फाइलचा आकार लिहायची जागा मात्र जुनीच राहिली, ३२ बिट. त्यात मावणारा सर्वांत मोठा आकडा ४ जीबीला एक बाइट कमी. तुमचं नाटक अडकलं ते इथे. जागा कितीही मोकळी असो, ११ जीबी हा आकडा त्या रकान्यात लिहिताच येत नाही. ३२ जीबीपर्यंतच्या कार्डावर तुमचा कॅमेरा लांब शूटिंगचे ४-४ जीबीचे तुकडे करतो, त्याचंही कारण हेच.

आता ॲपलकडे बघा, तिथेही हीच गोष्ट घडली. १९८४ चा पहिला मॅक ४०० केबीच्या फ्लॉपीवर एमएफएस वापरायचा. त्यात पडद्यावर फोल्डर दिसत, पण डिस्कवर ते खरे नव्हते, सगळ्या फाइली एकाच यादीत. हार्डडिस्क आल्यावर एवढी लांब यादी चाळणं परवडेना, म्हणून १९८५ मध्ये एचएफएस. त्यातही तुकड्यांचा नंबर १६ बिटांचा, म्हणजे तेच ६५ हजारांचं कुंपण. जानेवारी १९९८ मध्ये मॅक ओएस ८.१ बरोबर एचएफएस प्लस आणून नंबर ३२ बिटांचा केला. म्हणजे दोन वेगळ्या कंपन्यांनी दीडेक वर्षाच्या अंतराने एकाच दुखण्यावर एकच औषध घेतलं, कारण दोघांच्याही डिस्का त्याच कारखान्यांतून त्याच वेगाने वाढत होत्या. यातलं बरंचसं बदलणं हट्टापायी झालं असं लोक म्हणतात, मला ते पटत नाही. डीफॉल्ट, म्हणजे आपसूक मिळणारी सिस्टीम, बदलणं कंपनीला नकोच असतं. जुन्या डिस्का, जुने प्रोग्राम, तक्रारी, सगळं अंगावर येतं. आकडे संपले म्हणून नाइलाजाने बदललं, हेच खरं.

दुसरं कारण आपल्या किनाऱ्यावर कुणाला समजावून सांगावं लागत नाही. लाइट.

माझ्या कुडाळच्या दुकानात पावसाळ्यात ठरलेलं वाक्य येतं, "लाइट गेली आणि फोल्डर रिकामो झालो." फॅटवर कॉपी चालू असताना वीज गेली की नेमकं काय होतं ते सांगतो. आधी फोल्डरमध्ये नवीन फाइलची नोंद होते, आकार शून्य. मग तुकडे भरले जातात, तक्त्यात साखळी वाढत जाते. सगळं झाल्यावर, फाइल बंद करताना, फोल्डरमधल्या नोंदीत खरा आकार आणि पहिल्या तुकड्याचा नंबर लिहिला जातो. मध्येच वीज गेली तर फोल्डरमध्ये नाव आहे आणि आकार शून्य, तक्त्यात साखळी आहे आणि तिला मालक नाही. नंतर चेकडिस्क चालवलं की ते या बेवारशी साखळ्या गोळा करून 'फाउंड' नावाच्या फोल्डरात टाकतं, नावं 'फाइल', पुढे चार आकडे आणि 'सीएचके'. लोक ती कचरा समजून उडवतात. उडवू नका. त्यातली आठ-दहा एमबीची फाइल बहुतेक वेळा तुमचा फोटोच असतो, शेवटच्या 'सीएचके'च्या जागी 'जेपीजी' करून उघडून बघा. फॅटमध्ये तक्त्याच्या दोन प्रती असतात खऱ्या, पण दोन्हींत तीच अर्धवट गोष्ट लिहिली गेलेली असते, त्यामुळे दुसऱ्या प्रतीचा इथे उपयोग शून्य.

यावरचा उपाय म्हणजे जर्नल. आंब्याचे व्यापारी पेटी हातातून गेली की आधी रोजकीर्दीत ओळ टाकतात आणि खातेवहीत सावकाश उतरवतात. मध्येच कुणी उठून गेलं तरी रोजकीर्द बघून खातं पुरं करता येतं. फाइल सिस्टीमही तसंच करते. काय बदलणार ते आधी जर्नलमध्ये लिहिते, मग खऱ्या जागी बदलते. मशीन परत चालू झालं की जर्नल वाचून अर्धवट काम पुरं तरी करते, नाहीतर पुसून टाकते.

मायक्रोसॉफ्टने हे एनटीएफएसमध्ये आणलं, जुलै १९९३ मध्ये विंडोज एनटी ३.१ बरोबर. पण ते ऑफिस आणि सर्व्हरसाठी होतं. घरातल्या आणि दुकानातल्या पीसींवर ९५, ९८, एमई (मिलेनियम) अशा आवृत्त्या फॅटवरच चालत राहिल्या. २००१ मध्ये एक्सपी आली तेव्हा दोन्ही घराणी एक झाली आणि सर्वसामान्य माणसाच्या डिस्कवर एनटीएफएस बसलं. ज्यांनी ९८ वरून एक्सपी घेतली त्यांच्याकडे लाइट गेल्यानंतरचा तो निळ्या पडद्यावरचा लांबलचक स्कॅनडिस्क एकदम बंद झाला, ते आठवत असेल. एक्सपीच्या वेळची एनटीएफएसची आवृत्ती ३.१, आणि विंडोज ११ मध्येही तीच. मध्ये रीएफएस नावाचं नवं काम २०१२ पासून सर्व्हरवर आणलं, २०२३ पासून प्रोग्रामरांसाठी वेगळ्या ड्राइव्हवरही देतात, पण तुमची सी ड्राइव्ह अजून एनटीएफएसच.

एक गैरसमज इथेच काढतो. एनटीएफएसचं जर्नल नोंदी सांभाळतं, मजकूर नाही. कॉपी चालू असताना वीज गेली तर फोल्डर शाबूत राहील, बाकीच्या फाइली शाबूत राहतील, पण जी फाइल जात होती ती अर्धी असू शकते. जर्नल आहे म्हणून यूपीएस विकून टाकू नका.

ॲपलने एचएफएस प्लसला जर्नल २००२ च्या शेवटी जोडलं आणि पुढच्या वर्षीच्या मॅक ओएस १०.३ पासून ते आपोआप चालू ठेवलं. लिनक्सवाल्यांची कथा मला सगळ्यांत आवडते. लिनक्स ही खुली ऑपरेटिंग सिस्टीम. १९९१ मध्ये ते मिनिक्स या दुसऱ्या ऑपरेटिंग सिस्टीमची फाइल सिस्टीम उसनी घेऊन सुरू झालं. त्यात डिस्क ६४ एमबीच्या वर जायची नाही आणि नावं १४ अक्षरांची. १९९२ मध्ये रेमी कार यांनी एक्स्ट लिहिली, वर्षभरात एक्स्ट२. ती वेगवान आणि नेटकी, पण जर्नल नाही. वीज गेली की पुढच्या वेळी अख्खी डिस्क तपासत बसायची, आणि डिस्क मोठी तेवढी वाट मोठी. तेव्हा जर्नल असलेल्या दुसऱ्या दोन-तीन सिस्टीम तयार होत्या. तरी नोव्हेंबर २००१ मध्ये मुख्य लिनक्समध्ये आलेली स्टीफन ट्वीडी यांची एक्स्ट३ बहुतेकांनी धरली. कारण ती म्हणजे एक्स्ट२ अधिक जर्नलची एक फाइल, एवढंच. चालू डिस्कवर एक कमांड दिली की झालं. डेटा हलवायचा नाही, फॉरमॅट मारायचा नाही, आणि नको वाटलं तर परत एक्स्ट२ म्हणून लावायची. कागदावर तिच्याहून सरस सिस्टीम होत्या. डीफॉल्ट ती झाली, कारण तिच्यात उडी मारायला भीती वाटत नव्हती.

२००८ च्या अखेरीस एक्स्ट४ पक्की झाली आणि २००९ पासून उबुंटू आणि फेडोरा या लिनक्सच्या आवृत्त्यांनी ती धरली. तिची सुरुवात थोडी वादाची होती. वेगासाठी ती मजकूर डिस्कवर उतरवायला मुद्दाम वेळ घ्यायची, आणि त्या वेळेत मशीन बंद पडलं तर सेटिंगच्या फाइली शून्य बाइटच्या होऊन बसत. लोकांनी आरडाओरडा केला, ती सांभाळणाऱ्या थिओडोर त्सो यांनी नेहमीच्या प्रसंगांसाठी दुरुस्ती घातली, वाद मिटला. पुढे रेड हॅट या लिनक्स कंपनीने २०१४ मध्ये सर्व्हरसाठी एक्सएफएस घेतली, जी मुळात सिलिकॉन ग्राफिक्सने १९९४ मध्ये आपल्या मशिनांसाठी केली होती. त्याच वर्षी सुसे या दुसऱ्या लिनक्स कंपनीने बीटीआरएफएस घेतली, २०२० मध्ये फेडोराच्या डेस्कटॉपनेही. लिनक्समध्ये डीफॉल्ट म्हणजे कुणा एकाचा निर्णय नसतो, हे त्यावरून दिसेल.

तिसरं कारण, डिस्कच बदलली. तबकडी जाऊन चिप आली. चिपवर एकाच जागी पुन्हा पुन्हा लिहिणं तिला सोसत नाही. पुसायचं तर मोठा गठ्ठाच पुसावा लागतो. मोबाइलवाल्यांना हे आधी भिडलं. सुरुवातीचे अँड्रॉइड फोन याफ्स२ वापरत, २०१० च्या नेक्सस एसपासून एक्स्ट४ आली, आणि सॅमसंगने २०१२ मध्ये खास अशा फ्लॅश चिपसाठी एफ२एफएस मांडली. आज बऱ्याच फोनांत ती असते. तुमच्या हे कधी लक्षात आलं नसेल, कारण फोन केबलने जोडला तरी तो आपली डिस्क दाखवत नाही, मागितलेल्या फाइली एकेक करून हातात देतो.

ॲपलने २०१७ च्या मार्चमध्ये आयफोनवर आणि सप्टेंबरमध्ये मॅकवर एपीएफएस बसवली. तुमच्या नव्या मॅकवर तीच आहे. तिच्यात जुन्या नोंदींवर वरून लिहितच नाहीत. नवीन नोंदी रिकाम्या जागी लिहितात आणि शेवटी बोट नव्याकडे वळवतात. वीज केव्हाही जावो, नोंदी एकतर जुन्या पूर्ण असतात किंवा नव्या पूर्ण असतात. सन कंपनीची झेडएफएस २००५ पासून हेच करत होती, बीटीआरएफएसही करते. या दोघी आणखी एक पाऊल पुढे जातात. प्रत्येक तुकड्याची बेरीज ठेवतात आणि वाचताना ताळा करतात. एपीएफएस हा ताळा फक्त आपल्या नोंदींचा ठेवते, तुमच्या फोटोंचा नाही. खाऱ्या वाऱ्यात केबलच्या पिना काळ्या पडतात, मधूनच एखादा बिट उलटतो, फोटोच्या खालच्या अर्ध्यावर करडा पट्टा येतो. तो फोटो बिघडलाय हे कुणी सांगणारं असावं लागतं, एरवी बिघडलेला फोटोच वर्षानुवर्षं बॅकअपमध्ये जात राहतो. मोठा संग्रह असेल तर झेडएफएस किंवा बीटीआरएफएसवर चालणारा नॅस, म्हणजे नेटवर्कला जोडायचा डिस्कचा डबा, घ्या, असं मी सांगतो ते यासाठी.

मध्येच एक सूचना. वर जे काही लिहिलं ते कोरड्या डिस्कसाठी. जुलै २०२१ मध्ये चिपळुणात वाशिष्ठीचं पाणी दुकानांत शिरलं तेव्हा लोकांनी डिस्का उन्हात वाळवून लावून बघितल्या. चिखल सुकून तबकडीवर बसतो, वीज लावली की वाचणारं डोकं त्यावरून फरफटतं, आणि मग फाइल सिस्टीम कुठली होती याला काही अर्थ उरत नाही. भिजलेली डिस्क लावूच नका, तशीच रिकव्हरीवाल्याकडे न्या.

तर आता तुमच्या तीन डिस्का. जुनी २ टीबी एनटीएफएसवर आहे. मॅक ती वाचतो, लिहीत नाही. लिहिण्यासाठी पैसे देऊन घ्यायचे ड्रायव्हर मिळतात. दुसरी तुम्ही मॅकवर फॉरमॅट मारलीत, ती एपीएफएस किंवा एचएफएस प्लस. विंडोजला यातलं काहीच कळत नाही, म्हणून ते ती डिस्क कोरी समजून फॉरमॅटचं बटण पुढे करतं. मॅकसुद्धा अनोळखी डिस्कवर 'इनिशियलाइज' विचारतो, अर्थ तोच. दोन्हीकडे नाही म्हणायचं. दाबलं गेलंच तर त्या क्षणापासून त्या डिस्कवर काहीही लिहू नका. तबकडीच्या डिस्कवर झटपट फॉरमॅटने वरच्या नोंदी तेवढ्या जातात, मजकूर बराचसा मिळतो. एसएसडीवर, म्हणजे चिपच्या डिस्कवर, फॉरमॅट करताच चिपला ही जागा रिकामी समज असा निरोप जाऊ शकतो, आणि मग माझ्यासारख्याच्या हाताला फारसं काही लागत नाही.

आणि एक्सफॅट. मायक्रोसॉफ्टने ती २००६ मध्ये छोट्या यंत्रांसाठी काढली, विंडोज व्हिस्टाला २००८ मध्ये दिली. ३२ जीबीच्या वरच्या एसडी कार्डांसाठी तीच ठरली, म्हणून प्रत्येक नव्या कॅमेऱ्यात ती आहे. आकाराचा रकाना ६४ बिटांचा, तुमचं नाटक आरामात मावेल. पेटंटमुळे लिनक्स बरीच वर्षं बाहेर होतं, २०१९ मध्ये मायक्रोसॉफ्टने तपशील खुले केले आणि तेही आत आलं. म्हणजे यंत्रांच्या आत प्रत्येकाने आपापल्या सोयीची सिस्टीम ठेवली आणि यंत्रांच्या मधल्या रस्त्यावर मात्र १९७७ च्याच घराण्यातली एक टिकली. पण जर्नल तिच्यात नाही. तक्ताही सहसा एकच प्रत. लाइट गेली किंवा कुणी घाईत केबल ओढली की तुम्ही परत फॅटच्याच गावात. विंडोज १० च्या २०१८ च्या अपडेटपासून बाहेरच्या डिस्कवर लिहिणं लगेच पुरं करतात, त्यामुळे तिथे थोडी सुटका होते. मॅकवर इजेक्ट केल्याशिवाय केबलला हात लावू नका.

म्हणून मी असं करेन. काम ज्या मशीनवर त्याचीच सिस्टीम. एडिटिंग मॅकवर होणार असेल तर कामाची एसएसडी एपीएफएस. तबकडीच्या जुन्या डिस्कवर मात्र एपीएफएस रेंगाळते, तिथे मी अजून जर्नलवालं एचएफएस प्लस ठेवतो. विंडोजच्या दुकानातला संग्रह एनटीएफएसवरच राहू दे, त्याची दुसरी प्रत तिसऱ्या डिस्कवर, आणि ती दुकानात नको, घरी. एक्सफॅटची एक डिस्क फक्त ने-आण करायला, तिच्यावर एकुलती एक प्रत कधीही नको. नाटक मंडळींना किंवा गणपतीला आलेल्या चाकरमान्यांना द्यायचा पेनड्राइव्हही एक्सफॅट करा, पण आधी विचारा टीव्ही कुठला. जुने टीव्ही फॅट३२ आणि बऱ्याचदा एनटीएफएस वाचतात, एक्सफॅट नाही. अशांना फॅट३२ द्या आणि नाटकाचे ४ जीबीच्या आतले तुकडे करा, राक्षसाच्या एंट्रीला कापलं तर कुणी तक्रार करत नाही. मॅकवर फॉरमॅट करताना 'स्कीम'मध्ये टीव्हीसाठी 'मास्टर बूट रेकॉर्ड' निवडा, नाहीतर टीव्हीला पेनड्राइव्ह दिसणारच नाही. त्याची मर्यादा २ टीबीच्या आसपास, पेनड्राइव्हला ती आड येत नाही. मॅकवरून कॉपी केलं की प्रत्येक फाइलच्या जोडीला टिंब आणि अधोरेषेने सुरू होणारी एक बारकी फाइल दिसेल. ते मॅकचे जादा तपशील, जे फॅटमध्ये ठेवायला जागा नाही. टीव्ही त्यांनाही व्हिडिओ समजून यादीत दाखवतो आणि चालत नाही म्हणतो. पेनड्राइव्ह देण्याआधी त्या पुसल्या तरी नाटकाला धक्का लागत नाही.

आता मराठी नावांबद्दल, कारण हे इतर कुणी सांगणार नाही. डॉसच्या काळात नाव आठ अक्षरं, टिंब, तीन अक्षरं, तेही रोमन. विंडोज ९५ ने लांब नावं दिली ती मोठ्या युक्तीने. फोल्डरमध्ये जादा नोंदी घालून त्यांवर अशा खुणा केल्या की जुन्या डॉसने त्यांच्याकडे बघूच नये. एका नोंदीत १३ अक्षरं. विंडोज २००० पासून देवनागरी नावं नीट देता यायला लागली. पण मोजमाप सगळ्यांचं सारखं नाही. एनटीएफएसमध्ये नावाला २५५ चिन्हं. लिनक्सच्या एक्स्ट४ मध्ये २५५ बाइट, आणि देवनागरीचं प्रत्येक चिन्ह तिथे ३ बाइट खातं. मात्रा, हलन्त, अनुस्वार सगळं वेगळं मोजायचं. म्हणजे जेमतेम ८५ चिन्हं. 'गाऱ्हाणं' एवढ्यालाच ८ चिन्हं, २४ बाइट. देवस्थानाचं पूर्ण नाव, गाव, जत्रा, साल, नाटक मंडळ आणि प्रयोगाचं नाव असं सगळं फाइलच्या नावात घालायची तुमची पद्धत असेल, तर विंडोजवरून नॅसवर कॉपी करताना नेमक्या त्याच फाइली मागे राहतील.

त्यातला 'ऱ' आणखी खोडकर. विंडोजवर तो एकच चिन्ह म्हणून टाइप होतो. एचएफएस प्लस मात्र नाव साठवताना त्याचे दोन भाग करते, र आणि खाली नुक्ता. दिसायला तसूभर फरक नाही, आतले बाइट वेगळे. अशा जुन्या मॅक डिस्कवरून झिप करून लिनक्सच्या नॅसवर उघडलं, आणि तिथे विंडोजवरून आलेली तीच फाइल आधीच असली, की एकाच फोल्डरात 'गाऱ्हाणं' नावाच्या दोन फाइली शेजारी शेजारी बसतात, आणि शोधल्यावर एकच सापडते. एपीएफएस नाव दिलं तसं ठेवते आणि शोधताना दोन्ही एकच मानते, त्यामुळे मॅकवर तुम्हाला हे कळतच नाही. संग्रहाच्या फाइलींना मी साल आणि अनुक्रमांक असं इंग्रजी आकड्यांत नाव देतो आणि मराठी माहिती शेजारच्या एका साध्या मजकुराच्या फाइलीत लिहितो.

तारखांवरही डोळे झाकून विसंबू नका. फॅटमध्ये वेळ दोन सेकंदांच्या टप्प्याने आणि स्थानिक घड्याळाप्रमाणे लिहिली जाते, एनटीएफएसमध्ये जागतिक वेळेप्रमाणे आणि फार बारीक. आपल्याकडे घड्याळ वर्षातून दोनदा पुढंमागं करत नाहीत म्हणून तासाचा घोळ होत नाही, पण बॅकअपचा प्रोग्राम एखाददुसऱ्या सेकंदाच्या फरकावरून सगळ्या फाइली नव्या समजून परत कॉपी करत बसू शकतो. अशा प्रोग्रामांत दोन सेकंदांची सूट द्यायचा पर्याय असतो, तो चालू करा. आणि कार्डावर १ जानेवारी १९८० ची फाइल दिसली तर घाबरू नका, कॅमेऱ्याच्या आतली घड्याळाची बॅटरी गेलीय. फॅटची दिनदर्शिका त्याच दिवशी सुरू होते.